त्या वर्षीचा लाल दिवा

घट बसायचे दिवस जवळ आले की हवा जी बदलते ती मला सोसत नाही. पाऊस निघून गेलेला असतो, ऊन पुन्हा तोंड वर काढतं, रानात ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू होते. आमच्या नगरजवळच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मातीचा वास म्हणाल तर तो ग्राइंडिंगच्या धुळीचा, पण तिथेसुद्धा कंपन्यांच्या फाटकांशी झेंडूच्या पाट्या येऊन बसतात. लोकांना या दिवसांत म्हणे उत्साह येतो. माझ्या पोटात खड्डा पडतो. पंचवीस-तीस वर्षं होत आली, पण तो काही भरत नाही.

यंदा त्या खड्ड्यात आणखी कुणीतरी फावडं घातलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मोबाईल चाळत होतो, तर समोर आमचा गेम. आमचा म्हणजे माझा आणि ताईचा. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तो जुना जपानी गेम आता हातात मावणाऱ्या कन्सोलवर परत येतोय, अशी जाहिरात होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना सांगतो, हा नुसता मारामारीचा गेम नव्हे. यात चौघांची टोळी असते. त्यांना नावं आपणच द्यायची, त्यांना घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, राक्षसांशी लढायचं, हळूहळू अंगात बळ आणायचं. महिनोन्‌महिने पुरतो. जाहिरातीत मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की आता कधीही थांबा, कुठेही थांबा, खेळ जिथल्या तिथे राहील. ते वाचलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. जिथल्या तिथे राहील म्हणे! हे सांगायला यांना एवढी वर्षं लागली.

त्याच आठवड्यात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे ताईचे यजमान. आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वर, धरणाच्या बाजूला डोंगरात त्यांची भातशेती आहे. मुळात कमी बोलणारा माणूस. म्हणाले, “बापू, नाशकाहून आनली तुझ्या ताईला. डॉक्टर म्हनले, आता घरी न्या. आवडीचं खाऊ घाला.” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. आवडीचं खाऊ घाला, हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा शोधून काढलं त्याला एकदा माझ्या पुढ्यात आणून बसवा. वर्षभर ते दुखणं तिला आतून पोखरत होतं. पाण्याचा घोट उतरायची मारामार, आणि हे पुरणपोळीच्या गोष्टी करतात.

त्या दिवशी मी मशिनपाशी उभा राहून रडलो. मेंटेनन्सचा माणूस रडतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, मोठा बिघाड असणार. त्यांचं काही चुकलं नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. आई तर मी दहा वर्षांचा असतानाच गेली. आईचा चेहरा मला भिंतीवरच्या फोटोतला आठवतो, आवाज अजिबात आठवत नाही. आवाज, चाल, शिव्या, हसणं हे सगळं ताईजवळ आहे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेवढ्या चार वर्षांची जास्तीची आई तिला मिळाली. मला आईचं काही हवं असलं की मी ताईला फोन करायचो. आता ताई निघाली, म्हणजे आईही दुसऱ्यांदा निघाली. आणि या खेपेला ती खोलीसुद्धा रिकामी करून जाणार.

मिरजगावात हायवेला लागून अण्णांचं दुकान होतं. पंक्चर काढणं आणि बॅटरी चार्जिंग. मागे दोन खोल्यांचं घर. आमच्या घराला रबराच्या सोल्युशनचा आणि बॅटरीच्या ॲसिडचा वास असायचा, आणि त्यात आईच्या फोडणीचा. ट्रक थांबले की भिंती हलायच्या. आईच्या सगळ्या लुगड्यांना ॲसिडची बारीक बारीक भोकं पडलेली. ती अण्णांना म्हणायची, “तुमच्यापायी मला चाळणी नेसून लग्नाला जावं लागतं.” हे वाक्य मला आठवतंय असं मी म्हणतो खरं, पण तेही ताईनेच सांगितलेलं आहे.

टीव्ही गेम अण्णांनी नगरच्या बाजारातून आणला होता. त्याच्यासोबत एक पिवळी कॅसेट. ती कॅसेट म्हणजे आमचा हा गेम. असल्या कॅसेटच्या पोटात एक बारका गोल सेल असतो, खेळ कुठवर आला ते तो ध्यानात ठेवतो. आमच्या कॅसेटचा सेल एक तर मेलेला असावा किंवा बनवणाऱ्याने तो घातलाच नसावा. मशिन बंद झालं की सगळं पुसलं जायचं. चौघंही पुन्हा पहिल्या गावात, अंगावर चिरगुटं, हातात काठी. आणि तेव्हाच्या मिरजगावात वीज म्हणजे पाव्हण्यासारखी, कधी येईल आणि किती वेळ टेकेल ते तिचं तिलाच ठाऊक. किती वेळा आम्ही त्या पहिल्या गावातून निघालो असू! ताई कपाळावर हात मारायची आणि म्हणायची, “चला, परत जल्म घ्या.”

नावं तीच ठेवायची, दर वेळी तीच. तलवारवाला तो अण्णा. उड्या मारणारा चोर तो मी, बापू. जादू करणारी ती ताई. आणि पांढऱ्या झग्यातली, जखमा बऱ्या करणारी, ती आई. नावाला इंग्रजी चार अक्षरांची जागा होती, आईला तीनच लागायची, एक चौकोन रिकामा राहायचा. इंग्रजी आमचं दोघांचंही यथातथाच. त्यामुळे त्या गेममधली माणसं काय बोलतात ते ताई मनानेच सांगायची. “ह्यो म्हातारा म्हनतोय, तिकडं जाऊ नगा, तिकडं टँकर येत न्हाई.” मला आजही त्या गेमची खरी गोष्ट माहीत नाही. मला ताईची गोष्ट माहीत आहे.

आई दारात बसून ज्वारी निवडायची आणि मधूनच मान वर करायची. एकदा विचारलं, “ह्यात मी कोन गं?” ताईने पडद्यावर बोट ठेवलं. आई बराच वेळ निरखून बघत राहिली. मग म्हणाली, “मला पांढरं का नेसवलंस गं कार्टे? तुझा बाप जित्ता हाय न्हवं?” आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाहेर अण्णा टायर ठोकत होते, त्यांनी ओरडून विचारलं काय झालं म्हणून, तर आई म्हणाली, “काही न्हाई, तुमी मेलाय म्हनत्यात पोरं.” पांढरं तिने नेसलंच नाही. हिरवं नेसून गेली.

गेममध्ये धर्मशाळा होती. खरं म्हणजे तो लॉज असावा, आम्ही धर्मशाळा म्हणायचो. चौघं कितीही रक्तबंबाळ झालेले असोत, तिथे जाऊन निजायचं, चार सुरांचं एक गाणं वाजायचं, पडदा काळा व्हायचा, आणि उजाडलं की सगळे ठणठणीत. मेलेला नसला म्हणजे झालं.

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता आईला ताप आला. अंगावर काढला, जशा सगळ्या आया काढतात. मग ती एके दिवशी अण्णांना ओळखेना. जीप करून तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत गेला म्हणाले. आम्ही दोघं घरी, जेवायला शेजारच्या काकूंकडे. अण्णा नगर-मिरजगाव असे हेलपाटे घालायचे. दुकान बंद. हायवेवरचे ट्रक थांबून हॉर्न वाजवायचे आणि निघून जायचे.

आणि त्यातच घट आले. आमच्या घरचे घट आई बसवायची. रानातली काळी माती आणून पत्रावळीवर पसरायची, धान्य पेरायची, मधे पाण्याचा घट, वर कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ, आणि शेजारी अखंड दिवा. नऊ दिवस तो दिवा विझू द्यायचा नाही. वाऱ्याचं दार लावून घ्यायचं, जाता-येता तेल बघायचं. वातीवर काजळी धरली की ती झाडताना दिवा जाण्याचं भय, म्हणून आई काजळीला हात लावायच्या आधी त्याच ज्योतीवर एक निरांजन पेटवून शेजारी ठेवायची. म्हणजे मोठा विझलाच तर त्याचीच ज्योत निरांजनात शिल्लक. मग मोठा नीट पेटला की निरांजन शांत करायची. आम्हाला तिथे बसवून दाखवायची. “आदी दुसरा लावायचा, मंग ह्याला हात लावायचा. ध्यानात ठेवा.”

काकू म्हणाल्या, घरात एवढं आजारपण, घरची बाई नाही, यंदा घट राहू दे, देवी समजून घेती. ताई ताटावरून उठली. घरी येऊन ती टीव्हीसमोर बसली. गेम चालूच होता. मशिनच्या कोपऱ्यात टिकलीएवढा लाल दिवा असतो, मशिन चालू आहे हे सांगणारा. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि त्या मशिनला बोट टेकवलं. “बापू,” म्हणाली, “आई घरी येस्तवर ह्यो दिवा जाऊ द्यायचा न्हाई. टीव्ही बंद केला तरी चालंल. मशिन न्हाई बंद करायचं.”

हसू नका. मीही आता हसत नाही. घरात दुसरं काहीच अखंड राहण्यासारखं नव्हतं. तेल होतं, वात होती, पण ते लावायचा हक्क आईचा होता, आणि तो घ्यायचा म्हणजे ती येणार नाही असं कबूल करण्यासारखं झालं असतं. लाल दिवा कुणाचाच नव्हता, म्हणून तो आमचा होता. शिवाय त्याच्या मागे, त्या मशिनच्या पोटात, आई पांढऱ्या झग्यात उभी होती. मशिन गेलं की तीही पुसली जाणार, हे आम्हाला अनुभवाने पक्कं ठाऊक होतं.

पण विजेचं काय? दुसऱ्याच दिवशी अण्णा कपडे न्यायला आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यांनी मशिनवरचं कुंकू बघितलं, वर ठेवलेलं झेंडूचं फूल बघितलं. “हे काय गं?” ताई म्हणाली, “घट बसवला न्हाई ना अण्णा. म्हनून.” मला वाटलं आता कानाखाली बसणार. अण्णा तसेच दुकानात गेले आणि जुन्या ट्रकची बॅटरी उचलून घेऊन आले. जमिनीवर बसून वायर सोलली, एक छोटा पार्ट मधे टाकून विजेचा दाब उतरवला, मशिन चालू असतानाच जोडणी केली. मग दुसरी बॅटरी आणली. आम्हाला दोघांना समोर बसवून शिकवलं. “एक उतरत आली की आधी दुसरी जोडायची. दोन्ही मिळून जरा चालू द्यायच्या. मंग पहिली सोडायची. उलटं केलं की गेलं.” ताईने माझ्याकडे बघितलं. निरांजनाचीच गोष्ट होती ती. अण्णांनी आईकडून उचलली की आईने अण्णांकडून, देव जाणे. जाताना ते दारात थांबले, मागे वळून त्या लाल ठिपक्याला त्यांनी हात जोडले. माझा बाप पंक्चर काढणारा, देवळात कधी फिरकायचा नाही.

तेव्हापासून आमची ड्युटी सुरू झाली. शाळेत एक जण जायचा, एक जण घरी. बॅटऱ्या ओढताना ताईच्या परकराला भोकं पडली, आईच्या लुगड्यांसारखी. खेळायला आम्ही पुढे जातच नव्हतो. पुढे एक पूल होता, त्याच्यापलीकडे मोठा राक्षस असणार असा आमचा अंदाज. तिथे जाऊन आईला काही झालं तर? म्हणून पुलाच्या अलीकडेच हिंडायचो, बारके बारके किडे मारायचो आणि पुन्हा पुन्हा धर्मशाळेत जाऊन निजायचो. चार सूर वाजायचे, पडदा काळा, उजाडलं, सगळे ठणठणीत. एसटीडीच्या फोन-बूथवर अण्णांचा निरोप यायचा. आज डोळे उघडले. आज बोलली नाही. आज पुन्हा ताप चढला. निरोप वाईट असला की आम्ही तिला धर्मशाळेत न्यायचो. निरोप चांगला असला तरी न्यायचो. मी देवीला काय काय कबूल केलं होतं ते इथे लिहीत नाही, दहा वर्षांच्या पोराकडे देण्यासारखं जेवढं असतं तेवढं सगळं केलं होतं. भोवरासुद्धा.

दसरा तोंडावर आला असताना दुपारी टेम्पो आला. हळू आला. हळू येणाऱ्या टेम्पोचं मला आजही भय वाटतं.

आईला आत आणलं तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात तो लाल दिवा लागलेलाच होता. मला नक्की काय वाटलं ते सांगतो. दुःख नंतर आलं, आधी राग आला, त्या दिव्याचा. आमच्याकडून काही चूक झाली असती, एखाद्या वेळी डोळा लागला असता, वायर निसटली असती, तर जन्मभर स्वतःला दोष देत का होईना, जगता आलं असतं. पण आम्ही क्षणभरही चुकलो नव्हतो. सगळं नीट केलं होतं. दिवा अखंड होता आणि आई गेलेली होती. मग हे जग चालतं तरी कशावर, हा प्रश्न तेव्हा जो मला पडला तो अजून पडलेलाच आहे. रोज आठ तास मशिनं चालू ठेवण्याचा पगार घेतो, तरी उत्तर सापडलेलं नाही.

नेऊन आल्यावर बायकांनी ती जागा सारवली, पीठ पसरलं, आणि तिथे तेलाचा दिवा लावला, दहा दिवसांचा. म्हणजे आता घरात दोन दिवे झाले. काकू म्हणाल्या, “ते लाल लाल काय हाय, बंद करा गं आधी,” आणि वायरीला हात घालायला गेल्या. ताई किंचाळली. तशी किंचाळी मी पुन्हा ऐकली नाही. अण्णा उठले, काकूंना बाजूला केलं आणि बॅटरी बघितली. उतरत आली होती. त्यांनी दुसरी आणली, आधी ती जोडली, मग पहिली सोडली. पुढचे सगळे दिवस ते करत राहिले. डोकं भादरलेलं, उघडं अंग, गळ्यात पंचा, आणि दोन्ही हातांत बॅटरी. भेटायला आलेली माणसं बघत राहायची. कुणी म्हणालं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असेल. कुणाच्या नसता झाला?

दहाव्याला घाट उरकून आम्ही घरी आलो. तेलाचा दिवा शांत केला. मग अण्णा मशिनपुढे येऊन बसले. ताई भिंतीला टेकून होती, मी तिच्या मांडीवर. रडून रडून माझे डोळे मिटत होते. अण्णा म्हणाले, “बाई, आता सोडू का?” ताई म्हणाली, “आधी दुसरं जोडा.” अण्णा म्हणाले, “दुसरं काय जोडू बाळा?”

इथवर मला आठवतं. त्यापुढे आठवतो तो विझलेला दिवा, काळा ठिपका. इतकी वर्षं मी तो प्रसंग असाच धरून आहे. जोडायला दुसरं काही नव्हतं, आणि अण्णांनी वायर ओढली. जिथे जिथे माझं काही तुटलं, तिथे मला हेच आठवलं. आपल्याकडे दुसरी बॅटरी नाही. आपलं घर तसलं.

तर यंदा मी ते कन्सोल घेतलं आणि अकोल्याची एसटी पकडली. आजारी बहिणीला भेटायला चाललेला चाळिशीजवळचा बाप्या पिशवीत गेम घेऊन निघालाय, हे बायकोला सांगताना मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. ती एवढंच म्हणाली, “चार्जर घेतला का?” अकोल्याहून वर जीपने गेलो. आमच्या मिरजगावकडे या दिवसांत नुसती काळी ढेकळं. इथे उतारावर भात पिवळं पडायला लागलेलं, पाण्याचे आवाज अजून चालू, हवेत लोंब्यांचा कोवळा वास. एवढं सगळं भरभरून पिकतंय आणि त्यात माझी ताई वाळत चाललीय. मला त्या शेतांचाही राग आला. माझा राग असा कुठेही जाऊन बसतो.

ताई पडवीत खाटेवर होती. खाटेवर होती असं म्हणायचं, अंथरुणाला काही उंचवटा दिसेना. दाजी उशाशी बसून ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होते. मला बघून उठले, “बस बापू, तुमी बोला,” म्हणाले आणि विळा घेऊन बांधाकडे गेले. कापायला अजून अवकाश होता. नुसतेच गेले.

“आनलंस का?” ताई म्हणाली. फोनवर मी बोललो होतो.

मी कन्सोल सुरू केलं. तेच संगीत. रंग जरा गडद, बाकी तेच. तिच्या अंगाशी धरलं. नावं देताना या नव्या गेममध्ये जागा पुष्कळ होती. मी म्हटलं, “ताई, आता आईचं सगळं नाव बसंल, आडनावासकट.” ती म्हणाली, “नगं. तसंच ठेव. तेवढंच.” मी तीन अक्षरं टाकली आणि पुढची जागा मोकळी सोडली.

दोन-तीन दिवस आम्ही हेच केलं. बटणं मी दाबायची, बोलायचं तिने. पण आता ती गेमची गोष्ट सांगत नव्हती, आईची सांगत होती. भरभर, दम लागेस्तवर. आई ज्वारी निवडताना कुठल्या बाजूला मान कलती करायची. पावसात चूल पेटेना की चुलीला काय शिव्या द्यायची. मी पोटात असताना तिला हरभऱ्याच्या पाल्याचे डोहाळे लागले होते. धर्मशाळेचे ते चार सूर आई भाकरी थापताना गुणगुणायची, गेम बंद असला तरी. हे मला माहीतच नव्हतं. मी म्हणायचो, “ताई, दमशील, जरा थांब.” ती म्हणायची, “थांबून काय करू? तू ऐक.” मी ऐकत होतो आणि मनातून ओरडत होतो की हे सगळं एवढ्या घाईने माझ्यात कुठे मावणार, सांडतंय, अर्धं तर आत्ताच सांडलं.

काल दुपारी तिथली वीज गेली. कन्सोलची बॅटरी उतरायला आलेली. माझे हात आपोआप पिशवीत गेले, पॉवर बँक काढली, वायर जोडली. जोडून झाल्यावर वर बघतो तर ताई हसतेय. दात तेवढे दिसत होते.

“अन्नांचा पोरगा शोभतोस.” मग म्हणाली, “बास आता. बंद कर. दमले.”

“राहू दे की चालू. आवाज बारीक करतो.”

“त्यात ऱ्हातं म्हनलास ना सगळं? बंद केलं तरी?”

“ऱ्हातं.”

“मंग?”

मला कळत होतं. मशिनरी हाच माझा धंदा. आत काय असतं, ते कसं टिकतं, सगळं ठाऊक आहे. खेळ जतन केल्याची खूण पडद्यावर येऊन गेलेली मी बघितली होती. तरी बोट बटणापर्यंत जाईना. कोपऱ्यात टिकलीएवढा दिवा लागलेला. मी म्हटलं, “ताई, मला न्हाई जमत.” आणि एवढ्या मोठ्या माणसाने रडू नये तसा रडलो.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, “त्या दिशी मी अन्नांना म्हनलं हुतं, आधी दुसरं जोडा.”

“ठावं हाय मला. जोडायला काही नव्हतं.”

“येडा हाईस. तू झोपला हुतास. अन्नांनी तुझा हात धरून माझ्या हातात दिल्ता. असा, दोन्ही हातांनी दाबून. अन् मंग वायर काढली.”

पडवीच्या पत्र्यावरून काहीतरी चालत गेलं. खाली बांधावर दाजी पाठमोरे उभे होते. इतकी वर्षं मी एक अर्धाच प्रसंग घेऊन जगत होतो, उरलेला अर्धा हिच्याजवळ होता. अजून किती असतील असे? कोणते विचारायचे राहिले, तेच मला माहीत नाही, तर विचारू काय?

ताईने गोधडीतून हात बाहेर काढला. काडीसारखा हलका, तापाने कढत. मी तो धरला.

“हं,” ती म्हणाली. “आता सोड.”

तुझ्यानंतर काय जोडू, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. बटण दाबलं. दिवा गेला, पडदा काळा झाला, आणि तिचा हात अजून माझ्या हातात होता.